आरो गांवचें जुनें मद्य

शाळेंत इतिहास शिकवीत असतां राजेरजवाड्यांच्या सनावळ्या मीं मुलांकडून पुष्कळ पाठ करवून घेतल्या. परंतु एका बाटलीवर छापलेलें साल वाचून विचारांत पडावें, असा प्रसंग निवृत्तीनंतरच आला. माझी मुलगी व जांवई उत्तर स्पेनमधील बिल्बाओ शहरीं राहतात. त्यांनीं मला तेथून जवळच असलेल्या आरो या गांवीं नेलें. रात्रीं भोजनाच्या वेळीं जांवयांनीं एक भली मोठी बाटली मेजावर ठेविली. आंतील तांबडें द्राक्षमद्य वीस वर्षांचें होतें. "अण्णा, इतिहास म्हणून तरी दोन घोट घ्या," असें ते म्हणाले. जें जन्मभर वर्ज्य मानिलें, तें आतां साठी उलटल्यावर घ्यावें काय, असा प्रश्न मला पडला. त्याचें उत्तर सांगण्यापूर्वीं त्या बाटलीची हकीकत सांगतों.

एब्रो नदीच्या खोऱ्यांत रिओहा नांवाचा प्रांत आहे. तेथील मुख्य द्राक्षाचें नांव तेम्प्रानियो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. हें द्राक्ष इतरांच्या आधीं पिकतें, म्हणून हें नांव. गंमत अशी कीं, लवकर पिकणाऱ्या या फळाचें मद्यच दीर्घ काळ थांबण्यासाठीं प्रसिद्ध झालें.

हें थांबणें मात्र सुखासुखीं आलें नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तिदा गांवच्या मानुएल किंतानो नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें फ्रान्समधील बोर्दोची रीत शिकून घेतली आणि ओकच्या लांकडी पिंपांत मद्य मुरविण्यास आरंभ केला. तें मद्य समुद्रापार क्यूबापर्यंत न बिघडतां पोंचलें. परंतु पिंपांचा व थांबण्याचा खर्च मोठा, आणि गांवचा नियम असा कीं सर्वांचें मद्य एकाच दरानें विकावें! किंतानोनें वेगळा दर मागितला. शेजाऱ्यांनीं विरोध केला. अखेर तो प्रयोग बुडाला. त्यानंतर सुमारें अर्धें शतक ती विद्या तशीच पडून राहिली.

पुढें लंडनमध्यें विजनवास भोगून आलेल्या लुसिआनो मुर्रिएता यांनीं 1852 सालीं बोर्दोच्या पद्धतीनें मद्य केलें. 1858 सालीं एल्सिएगो येथें रिस्कालच्या मार्क्विसांचें तळघर उभें राहिलें, व तेथें झां पिनो हा फ्रेंच कारागीर येऊन काम शिकवूं लागला. 1863 सालीं आरोला आगगाडी आली. त्याच सुमारास फ्रान्सवर घोर आपत्ति कोसळली. अमेरिकेंतून आलेली फिलॉक्सेरा नांवाची सूक्ष्म कीड वेलींचीं मुळें खाऊं लागली व मळेच्या मळे वाळून गेले. फ्रेंच व्यापारी मद्याच्या शोधांत आरोला आले. स्टेशनालगत तळघरें उभीं राहिलीं, त्यांतील कांहीं आजही चालू आहेत. 1890 सालीं तर आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले; स्पेनमध्यें हा मान फार थोड्या गांवांना तोंवर मिळाला होता.

शेजाऱ्याच्या संकटावर उभारलेलें हें वैभव टिकलें किती? 1899 सालीं तीच कीड रिओहांत शिरली. अमेरिकन वेलींच्या मुळांवर स्पॅनिश वेलींचीं कलमें करून मळे पुनः उभारावे लागले. ज्या देशांतून रोग आला, त्याच देशाच्या मुळांनीं वेली वांचविल्या.

आज रिओहांत 'ग्रान रेसेर्वा' या सर्वांत वरच्या प्रतीचें तांबडें मद्य निदान पांच वर्षें मुरवावें लागतें. त्यांपैकीं किमान दोन वर्षें ओकच्या पिंपांत व दोन बाटलींत. पिंप 225 लिटरांचें असतें. लांकडांतून किंचित् हवा आंत जाते, तुरटपणा मावळतो, व्हॅनिलासारखा गंध उतरतो. पुढें बाटलींत तो रंग माणकाकडून विटेकडे झुकत जातो.

आणि बाटली मोठी कां? तिच्यांत दीड लिटर, म्हणजे नेहमींच्या दोन बाटल्यांइतकें मद्य असतें. परंतु तिचें तोंड व बूच जवळजवळ तेवढेंच. म्हणून बुचाखालची हवा दुप्पट मद्यास वांटली जाते, आणि तें सावकाश वृद्ध होतें.

तर श्रोतेहो, मीं ते दोन घोट घेतले. प्रथम सुकलेल्या चेरीचा, मग जुन्या चामड्याचा व नव्यानें उघडलेल्या लांकडी पेटीचा वास आला. जिभेवर कोठें टोंचलें नाहीं. तिसरा घोट मीं मागितला नाहीं. पेला मात्र बराच वेळ हातांत धरून बसलों. मोठी बाटली एकट्यानें संपविण्याची वस्तु नव्हे; शेजारच्या मेजावरील वृद्ध दांपत्यासही जांवयांनीं पेले भरून दिले.

मला राहून राहून किंतानोची आठवण येत होती. ज्यानें थांबण्याचें मोल प्रथम ओळखलें, त्यास तें मोल मिळालें नाहीं. तें मिळालें त्याच्या मागून येणाऱ्यांस. शाळामास्तरास ही गोष्ट नवी नाहीं. आपल्या वर्गांत पेरलेलें कोठें, केव्हां व कोणाच्या ताटांत वाढलें जाईल, हें त्यास कळत नाहीं. तरीही पिंप भरून ठेवावें लागतें.