कबुली : मर्जीची आणि माराची

‘कबूल’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. निकाहात ‘कबूल’ म्हणतात, ते राजीखुशीने. म्हणजे कबुलीच्या मुळाशी मर्जी आहे. मग पनवेलच्या काय किंवा कुठल्याही गावच्या बाजारात, संशयावरून धरलेल्या पोराला चार जणांनी खांबाला बांधून बडवले आणि ‘हो, मीच चोरी केली’ असे वदवून घेतले, तर त्याला कबुली म्हणायचे का?

वेदनेतून सत्य बाहेर येते, ही समजूत जुनी आहे. मराठेशाहीत साक्षी-पुराव्याने वाद मिटला नाही, की दिव्य करावे लागे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा. मग हात पिशवीत बांधून त्यावर शिक्का मारीत आणि काही दिवसांनी उघडून पाहत. हात पोळला असेल तर माणूस खोटा!

इंग्रजी अमलात दिव्ये गेली, मार राहिला. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेचे कसे हाल होतात, हे मद्रास इलाख्यातील चौकशी आयोगाने १८५५ साली नोंदवले. पुढे १८६० च्या दंडसंहितेत कलम ३३० आले. कबुली काढण्यासाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. हे कलम फक्त पोलिसांपुरते नव्हते. त्याखालच्या उदाहरणांत खंडासाठी कुळाला छळणारा जमीनदारही होता.

१८७२ च्या पुरावा कायद्याने मात्र एक फट ठेवली. कलम २४ ने धमकीची कबुली बाद ठरवली, पण धमकी ‘अधिकार असलेल्या व्यक्ती’ची हवी. जमावाला कसला अधिकार? ही फट न्यायालयांनी बुजवली. कोर्टाबाहेरची कबुली हा मुळात दुबळा पुरावा. ती स्वेच्छेची आणि खरी असलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सहदेवन खटल्यात पुन्हा बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ मध्ये ‘जबरदस्ती’ हा शब्द नव्याने आला. अधिकाराची अट तशीच राहिली. जुने कलम ३३० आता न्याय संहितेत कलम १२० झाले आहे.

महाराष्ट्राने आणखी दोन कायदे केले. २०१३ चा जादूटोणाविरोधी आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा. कारण ‘करणी केली’ हे वदवून घेणारा कधी शेजारी असतो, तर गुन्हा कबूल करून दंड भर म्हणणारी कधी गावकी वा जातपंचायत.

मारून काढलेली कबुली कोर्टात टिकत नाही. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती मोबाइलवरून गावभर फिरलेली असते आणि माणूस कायमचा चोर ठरतो. मंडळी, डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला धरण्याची मुभा कायदा तुम्हा-आम्हालाही देतो. त्याला विनाकारण उशीर न लावता, आता जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांकडे द्यायचे असते. आपले काम तिथे संपते. विचारपूस करणे आपल्याकडे नाही.