ती नाव, ते नाव

वरळी कोळीवाड्याच्या बंदरात उभ्या असलेल्या होड्यांच्या अंगावर दोन तऱ्हेची अक्षरं असतात. एक होडीचं नाव, पुष्कळदा देवीचं: एकवीरा, गोल्फादेवी. दुसरा सरकारी नोंदणीचा क्रमांक, आयएनडी-एमएच या रोमन अक्षरांनी सुरू होणारा. आधी देश, मग राज्य, मग पुढचे संकेत आणि शेवटी त्या होडीचा स्वतःचा आकडा. एकवीरा नावाच्या होड्या एकाच किनाऱ्यावर कितीही असू शकतात, क्रमांक मात्र ज्या त्या होडीचा. संगणकात फाईलचं नाव आणि तिचा पाथ यांत फरक आहे तो हाच. नाव दुसऱ्या फोल्डरात पुन्हा येऊ शकतं. मुळापासून टोकापर्यंतचा पूर्ण पाथ एकाच फाईलला मिळतो.

कोळी माणूस बोलताना होडीला ‘नाव’ म्हणत नाही. तो बोट म्हणतो, किंवा होरी. त्याच्या बोलीत ड चा र होतो आणि ळ चा ल. होडीची होरी, वरळीची वरली. नाव हा शब्द पुस्तकातला. पण तो या वस्तीत दुसऱ्या वाटेने शिरून बसला आहे. होडीचा धनी तो नाखवा. हा फारसी नाखुदा: ‘नाव’ म्हणजे जहाज आणि ‘खुदा’ म्हणजे धनी. संस्कृत नौ आणि फारसी नाव ही एकाच घरची भावंडं. म्हणजे ज्या बोलीने नाव हा शब्द टाकला, तिने तोच नाखव्याच्या पोटात सांभाळून ठेवला.

आता दुसरं नाव. होडीवर रंगवतात ते. ते संस्कृत नामन् पासून आलं. मराठीत येताना स्वरांमधल्या म चा व झाला आणि म चं नाकातलं बोलणं मागच्या अक्षरावर बिंदू होऊन राहिलं: नाम, नांव. ग्रामचं गांव झालं तेही याच रीतीने. ते टिंब शोभेचं नव्हतं, हरवलेल्या म ची ती खूण होती. पुढे उच्चारातून नाक गेलं आणि लिहिण्यात टिंब उरलं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२मध्ये शासनाने स्वीकारले, त्यांत अनुच्चारित अनुस्वार गेले. नांवचं नाव झालं. त्या दिवसापर्यंत कागदावर निराळे दिसणारे दोन शब्द एकसारखे झाले. ती नाव, ते नाव. नावा आणि नावे. फरक सांगायला आता फक्त लिंग उरलं.

हा नियम मला योग्यच वाटतो, लिहिणाऱ्याचं ओझं त्याने कमी केलं. पण त्याने केलं काय, तर दोन नावांची टक्कर घडवली, आणि फाईली एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत नेताना घडतं ते हुबेहूब हेच. लिनक्सवर रोमन कॅपिटल अक्षरांतलं नाव आणि स्मॉल अक्षरांतलं नाव या दोन वेगळ्या फाईली असतात. विंडोज त्यांना एकच धरते. दोन्ही एका फोल्डरात उतरवायला गेलं की दुसरी पहिलीच्या जागेवर बसू पाहते. पाठवणाऱ्याने चूक केलेली नसते, घेणाऱ्यानेही नाही. दोघांची शुद्धलेखनं निराळी.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे ही टक्कर आपल्याला होत नाही. आपल्या टकरा वेगळ्या आहेत. एकवीरा आणि एकविरा. होडीवर दोन्ही लिहितात, देवी कार्ल्याची एकच. नांव आणि नाव. जुने छापील अर्ज अजून टिंबासह चालू आहेत. वरळी आणि वरली. माणसाला हे सगळं एकच, यंत्राला प्रत्येक निराळं. शोधपट्टीत एक लिहिलं की दुसरं सापडत नाही.

फाईल एकीकडून दुसरीकडे नेणं याला आपण कॉपी म्हणतो. त्याआधी कचेऱ्यांत शब्द होता नक्कल, आणि कोर्टात व भूमापनाच्या कचेरीत तो आजही आहे. नकलेचा अर्ज करावा लागतो. नक्कल अरबी ‘नक़्ल’पासून आलेली. त्या धातूचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणं, वाहून नेणं. कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर नेणं ते नक्कल, आणि मग प्रत, आणि मग दुसऱ्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल. वाहून नेणं आणि दुसरी प्रत करणं हे दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत, म्हणून या कामाला मला कॉपीपेक्षा नक्कल अधिक नेमका वाटतो. वाहून नेताना काहीतरी सांडतं, हेही त्यात येतं. नाखुदाचा नाखवा होताना द सांडलाच.

वाटेच्या शब्दांचंही पाहण्यासारखं आहे. मराठी वाट आली संस्कृत वर्त्मन् पासून. संस्कृतात ‘वाट’ असा शब्द होता खरा, पण त्याचा अर्थ कुंपण, कुंपणातली जागा. त्याचा मराठीत झाला वाडा. कोळीवाड्यातला वाडा तो. म्हणजे संस्कृत वाट म्हणजे आपला वाडा, आणि आपली वाट म्हणजे वर्त्म. पाथ लिहिताना हे दोन्ही लागतात: कुंपणं, म्हणजे फोल्डर, आणि एका कुंपणातून दुसऱ्यात शिरण्याची वाट. जुन्या मराठी दप्तरांत हीच रचना होती. पेशवे दप्तरातला कागद सांगायचा तर रुमाल अमुक, त्यातलं पुडकं अमुक, असं सांगतात. रुमाल म्हणजे कागद बांधायचं फडकं. इंग्रजी फाईलही मुळात लॅटिन ‘फिलुम’, म्हणजे धागा. त्यात कागद ओवून ठेवत.

रुमाल आणि पुडकं यांच्यामध्ये कोणती खूण असावी यावर कधी कुणाचं अडलं नाही. संगणकात अडलं. युनिक्सने तिरकी रेघ घेतली, डावीकडून उजवीकडे वर चढणारी: /. एमएस-डॉसच्या १९८१च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि ही रेघ आज्ञांच्या पुढे पर्याय लिहायला वापरून झाली होती. १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती मोकळी नव्हती, म्हणून उलटी रेघ घेतली: \. ॲपलच्या जुन्या मॅकने तिसरंच काही, कोलन. तीन यंत्रणा, तीन खुणा, आणि जिथे जी वाटेची खूण, ती तिथे नावात वर्ज्य.

महाराष्ट्रात याचा फटका ज्याला बसतो त्याला सातबारा म्हणतात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो उतारा. मधली रेघ म्हणजे ‘आणि’. विंडोजवर फाईलला ‘७/१२ उतारा’ नाव देऊन पाहावं, रेघ उमटतच नाही. लिनक्ससाठी त्याच अक्षरांचा अर्थ ‘७ नावाच्या फोल्डरातली १२ उतारा ही फाईल’ असा होतो. नव्या मॅकवर ही रेघ नावात दिसते, पण आत ती कोलन म्हणून साठवलेली असते; खरं रूप दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर उघड होतं. मुंबई शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका चालते, म्हणून कोळीवाड्यातला माणूस सुटला असं नाही. भूमापन क्रमांकाच्या पोटहिश्शात तिरकी रेघ असते, आणि तारखांतही.

सगळ्यात जास्त अडते ती आपली लिहिण्याची सवय. विंडोज नावात नऊ चिन्हं घेऊ देत नाही: दोन्ही तिरक्या रेघा, कोलन, तारका, प्रश्नचिन्ह, सरळ दुहेरी अवतरण, लहान-मोठ्याची दोन कोनी चिन्हं आणि उभी रेघ. हळदीची किंवा लग्नाची पत्रिका घ्या. वर ‘|| श्री गोल्फादेवी प्रसन्न ||’ असं टाइप केलेलं असतं. त्या चार उभ्या रेघा देवनागरी दंड नाहीत, कीबोर्डावर उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर शिफ्ट दाबून येणारं पाइपचं चिन्ह आहे. ‘गणेशाय नम:’ लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन येतो. ‘स्वत:’, ‘दु:ख’, ‘अंत:करण’ यांतही तेच. टाइपरायटरच्या दिवसांपासून बोटांना पडलेली ही सवय. कागदावर छापून आलं की ओळखूही येत नाही.

लिनक्सवर अशी नावं बिनतक्रार राहतात. तीच फाईल पेनड्राइव्हवर घालायला गेलं की नकार येतो, कारण पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने मांडलेला असतो आणि त्या पद्धतींना ही चिन्हं चालत नाहीत. विंडोजच्या स्वतःच्या एनटीएफएस पद्धतीत कोलनचा आणखी एक अर्थ आहे: कोलनच्या आधीचं ते फाईलचं नाव, नंतरचा तो त्याच फाईलला चिकटवलेला, सहसा न दिसणारा मजकूर. म्हणून एखाद्या प्रोग्रॅमने ‘स्वत:ची होडी’ हे नाव तसंच पुढे दिलं, तर फोल्डरात ‘स्वत’ एवढीच फाईल दिसते, आकार शून्य. सगळा मजकूर त्या लपलेल्या पोटात.

खरा विसर्ग, ः, वापरला तर यातलं काहीही होत नाही. ‘स्वतःची होडी’ कुठल्याही यंत्रणेत सुखाने राहते. खरा दंड, ॥, वापरला तर ‘॥ श्री ॥’सुद्धा चालतं. युनिकोडने ही चिन्हं देवनागरीच्या घरात स्वतंत्र दिली आहेत. ती वापरली की शुद्धलेखन आणि यंत्राचे नियम एकाच बाजूला उभे राहतात, आणि असा योग वारंवार येत नाही.

शेवटचा बिंदूही असाच. ‘होडी क्र.’ असं नाव दिलं तर विंडोज शेवटचं टिंब गुपचूप काढून टाकते. दुसरीकडून ‘होडी क्र.’ आली आणि इथे ‘होडी क्र’ आधीच असली, की पुन्हा टक्कर.

या सगळ्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे नावं रोमनमध्ये द्या. जुन्या डॉसच्या काळी तो बरोबर होता, नाव आठ अक्षरांचं आणि टिंबापुढे तीन, तेही रोमनच. वरळी कोळीवाड्याचं तिथे डब्ल्यूओआरएलआयकेओएल होऊन बसायचं. आज हा सल्ला ऐकू नये असं माझं ठाम मत आहे. रोमन काही सुरक्षित बंदर नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात नूल नावाचं गाव आहे. रोमन नोंदींत ते एन-यू-एल असंही लिहिलेलं मिळतं. त्या नावाचा फोल्डर विंडोजवर करून पाहा; होत नाही. एनयूएल हे डॉसच्या काळापासून राखीव नाव आहे, कुठेच न जाणाऱ्या, सगळं गिळणाऱ्या उपकरणाचं. देवनागरीत ‘नूल’ मात्र विनासायास होतं.

देवनागरीला किंमत मोजावी लागते ती लांबीची. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘वरळी’ चार चिन्हांची, बारा बाइट. ‘कोळीवाडा’ आठ चिन्हांचा, चोवीस. मधली मोकळी जागा धरून सदतीस. रोमनमध्ये हेच चौदा बाइटांत उरकतं. लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइटांची हद्द असते, म्हणजे देवनागरीची पंच्याऐंशी चिन्हं. विंडोजची हद्द २५५च, पण ती बाइटांवर नाही, दोन-दोन बाइटांच्या एककांवर मोजली जाते, आणि देवनागरीचं चिन्ह तिथे एकच एकक. ‘वरळी कोळीवाडा मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ एवढ्या नावाचे १९० बाइट झाले. त्यात तारीख, वार आणि सभेचं ठिकाण घातलं की विंडोजवर नीट राहिलेली फाईल लिनक्सच्या सर्व्हरवर चढत नाही. विंडोजवर वेगळी अडचण: पूर्ण पाथ २६० एककांत बसवायची जुनी अट. २०१६च्या विंडोज १०पासून ती सैल करता येते, पण मुद्दाम करावी लागते. तेव्हा तारीख फोल्डरला द्यावी, फाईलला नाही. आणि फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नयेत.

शेवटी एक चिन्ह, ज्याचा त्रास भारतातल्या इतर देवनागरी लिहिणाऱ्यांपेक्षा मराठी माणसाला जास्त. दर्या म्हणजे समुद्र, फारसीतून आलेला. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. समुद्र रफाराने लिहितात, दऱ्या अर्ध्या, चंद्रकोरीसारख्या र ने. हा दुसरा र यंत्रात तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही ‘दऱ्या’ एकच दिसतात. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत पहिल्या तऱ्हेने नाव दिलं तरी साठवताना ते दुसऱ्या तऱ्हेचं होतं. तिथून लिनक्सवर नक्कल केली की एकाच फोल्डरात दोन ‘दऱ्या’ शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात, डोळ्यांना काडीचा फरक नाही. युनिकोडचा एकरूपतेचा नियम पहिल्या दोन तऱ्हा सारख्या मानतो, त्यामुळे नीट लिहिलेला प्रोग्रॅम त्यांना जुळवून घेतो. तिसरी मात्र त्या नियमात बसत नाही. जोडक काढून ऱ घालण्याचं काम माणसालाच करावं लागतं, किंवा माणसाने तसं सांगितलेल्या प्रोग्रॅमला. वऱ्हाड, गोऱ्हे, कोऱ्हाळे, कुऱ्हा अशा नावांचे फोल्डर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जाण्याआधी हे काम उरकून घ्यावं. नक्कल झाल्यावर कुठली दऱ्या कुठून आली हे सांगणं फार अवघड होतं.