ऑप्टिमस प्राइमला का मारलं गेलं?

1984 साली अमेरिकेत सुरू झालेली 'ट्रान्सफॉर्मर्स' ही कार्टून मालिका मुळात हॅस्ब्रो कंपनीची खेळणी खपवण्यासाठीच होती. 1986 च्या चित्रपटात तिचा नायक ऑप्टिमस प्राइम मारला गेला. कारण व्यापारी होतं: जुनी खेळणी हटवून नवी विकायची होती. थिएटरमध्ये मुलं रडली, कंपनीकडे तक्रारीची पत्रं आली आणि 1987 मध्ये प्राइमला परत आणावं लागलं. मालिका म्हणजे जाहिरात, हे चाहते मान्य करतात, खेळणीही घेतात. पण माल बदलायचा म्हणून नायकाचा बळी दिल्याचा राग त्यांच्यात टिकून आहे. हॅस्ब्रोनेही धसका घेतला. 'जी. आय. जो' चित्रपटात ड्यूक मरणार होता, तिथे ऐनवेळी तो कोमात गेल्याचा संवाद घातला गेला. दृश्यात मात्र तो सरळ मरतानाच दिसतो.