कर्मणी रचना, औपचारिक इंग्रजी लेखनातील

शाळेत ‘पॅसिव्ह व्हॉइस’ या नावाने भेटणारी इंग्रजी वाक्यरचना. हीत क्रियेचा परिणाम ज्यावर होतो ते पद कर्त्याच्या जागी येते. क्रियापद बहुधा ‘टू बी’चे रूप आणि भूतकालवाचक धातुसाधित मिळून बनते. क्रिया करणारा ‘बाय’ लावून शेवटी सांगता येतो किंवा साफ गाळता येतो. औपचारिक लेखनाला या रचनेचे जे आकर्षण आहे, ते मुख्यतः या गाळण्याच्या सवलतीमुळे. रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद् इंग्रजी व्याकरणानुसार अशा दर पाच वाक्यांपैकी सुमारे चारांत करणाऱ्याचा उल्लेखच नसतो.

मराठीतील ‘रामाने आंबा खाल्ला’ यालाही आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. पण तिथे क्रियापद आंब्याशी जुळते इतकेच, राम जागचा हलत नाही. इंग्रजी रचनेच्या जवळ जाते ते ‘आंबा खाल्ला गेला’ हे वाक्य. शालेय सरावाने आणखी एक गैरसमज रुजवला आहे. ‘चेंज द व्हॉइस’ या प्रश्नात ‘आय रोट अ लेटर’चे ‘अ लेटर वॉज रिटन बाय मी’ केले की गुण मिळतात, पण शहाणा इंग्रजी लेखक असे वाक्य क्वचितच लिहील. दोन्ही वाक्ये समानार्थी, फक्त उलटसुलट, अशी समजूत त्यातून होते. मग कोणती रचना केव्हा वापरावी हा प्रश्नच मनात येत नाही.

तिचा सर्वांत निरुपद्रवी उपयोग विषयाचा धागा राखण्याचा. गेटवे ऑफ इंडियावरील टिपणात वास्तूबद्दल दोन वाक्ये झाल्यावर ‘इट वॉज डिझाइन्ड बाय जॉर्ज विटेट’ असे लिहिले, तर वाचकाची नजर वास्तूवरच राहते आणि विटेट हे नवे नाव वाक्याच्या शेवटी, जोराच्या जागी येते. हेच कर्तरीत लिहिल्यास विटेट अचानक मध्ये उपटतो.

विज्ञानलेखनाशी ही रचना जोडली गेली ती बऱ्याच उशिरा. न्यूटनने १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला प्रकाश व रंगांविषयी पाठवलेले पत्र ‘मी’च्या भाषेत आहे. एकोणिसाव्या शतकात प्रयोगाच्या वृत्तांतातून माणूस हळूहळू मागे सरला आणि ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ ही शैली रूढ झाली. परीक्षानळी कोणी तापवली याला महत्त्व नसते, म्हणून कार्यपद्धतीच्या भागात ती आजही शोभते. निष्कर्षाचे तसे नाही. दावा कोणाचा, हे तिथे कळायलाच हवे. डीएनएच्या संरचनेवरील वॉटसन व क्रिक यांचा १९५३ चा लेख ‘वुई’नेच सुरू होतो. तो छापणारे ‘नेचर’ आज लेखकांना कर्तरी रचनेचीच शिफारस करते.

या रचनेची बदनामी प्रामुख्याने विसाव्या शतकातली. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ च्या पुस्तिकेत कर्तरी रचना वापरण्याचा नियम होता. ई. बी. व्हाइट यांच्या १९५९ च्या सुधारित आवृत्तीने तो अमेरिकेत घरोघरी पोचवला. पुढे भाषावैज्ञानिक जेफ्री पुलम यांनी त्यातील उदाहरणे तपासली, तेव्हा दोषी म्हणून दाखवलेल्या चार वाक्यांपैकी तीन कर्मणी नव्हतीच! जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या निबंधात जमेल तिथे कर्मणी टाळण्याचा नियम घातला. गंमत म्हणजे लोक कर्मणी फार वापरतात ही त्याच निबंधातील तक्रार त्यांनी कर्मणी वाक्यातच केली आहे.

तक्रार मात्र पोकळ नाही. इराण-काँट्रा प्रकरणानंतर १९८७ च्या वार्षिक भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी गंभीर चुका ‘वेअर मेड’ असे म्हटले. कोणी केल्या, हे त्या वाक्यात नव्हते. पण १८७६ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी काँग्रेसला धाडलेल्या संदेशात जवळजवळ हीच रचना वापरून लगेच ‘मला ते मान्य आहे’ अशी जोड दिली होती. पळवाट रचनेत असते असे म्हणणे म्हणूनच घाईचे ठरते.

याचा सर्वांत चांगला पुरावा भारतीय संविधानाच्या इंग्रजी संहितेत आहे. अनुच्छेद १४ कर्तरी आहे: ‘द स्टेट’ अमुक गोष्ट नाकारणार नाही. बंधन कोणावर, ते पहिल्याच शब्दांत ठरते. अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यता ‘इज अबॉलिश्ड’, २३ मध्ये माणसांचा व्यापार व वेठबिगार ‘प्रोहिबिटेड’, २४ मध्ये चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत ‘शॅल बी एम्प्लॉइड’ याला मनाई. तिन्ही ठिकाणी करणारा गाळलेला आहे. त्यामुळे बंधन सैल होत नाही, उलट पसरते: शासन, गावकरी, ठेकेदार, कोणीच त्यातून सुटत नाही. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नेमके हेच तीन अनुच्छेद खासगी व्यक्तींविरुद्धही लागू करता येतात असे म्हटले. न्यायालयाने तो निष्कर्ष वाक्यरचनेच्या आधारे काढला असे नव्हे, पण संहितेत ‘द स्टेट’ असते तर वाट इतकी मोकळी नसती.

मनाईला जे मानवते ते कर्तव्याला मानवत नाही. ‘नोटिस शॅल बी गिव्हन’ एवढेच करारात असले आणि नोटीस कोणी द्यायची हे संदर्भावरूनही ठरत नसले, तर ती न देणाऱ्याला पकडायचे कसे? म्हणून आधुनिक मसुदालेखनात कर्तव्य सांगताना कर्ता नावानिशी लिहावा असा आग्रह असतो. अमेरिकेत २०१० च्या सुबोध लेखन कायद्यानंतर सरकारी लेखनाला मिळालेल्या मार्गदर्शनातही हाच सूर आहे.

भारतीय कचेऱ्यांच्या इंग्रजीत ही रचना शिष्टाचार म्हणून मुरली आहे. ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्हड’ने सुरू होणारे ज्ञापन, ‘यू आर हिअरबाय डायरेक्टेड’ हा आदेश, ‘अप्रूव्हल मे काइंडली बी अकॉर्डेड’ ही टिपणीची अखेर. यातील शेवटचे वाक्य निरुपद्रवी; मंजुरी ज्याने द्यायची त्याच्याच टेबलावर फाइल जात असते. घोटाळा होतो तो उलट दिशेने, वरून खाली येणाऱ्या शेऱ्यात. ‘अर्ली अ‍ॅक्शन मे बी टेकन’ असे लिहून साहेब सही करतात. नस्ती कक्ष अधिकाऱ्याकडून सहायकाकडे, सहायकाकडून दुसऱ्या शाखेकडे जाते आणि प्रत्येक जण तो शेरा दुसऱ्यासाठी आहे असे वाचतो.