कंपनीची की लोकल?

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जुन्या फोनसाठी बॅटरी मागितली, की काउंटरपलीकडून प्रश्न येतो, ‘कंपनीची देऊ की लोकल?’ या प्रश्नातला ‘कंपनी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. कोणती कंपनी, हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. लोकल बॅटरीसुद्धा कुठल्या तरी कारखान्यातच तयार झालेली असते. तिच्याही वेष्टणावर नाव असते, आणि बहुधा ते त्या बड्या कंपनीचेच असते! तरीही दोघांना फरक नेमका कळलेला असतो. हा फरक आपल्या बाजारात कसा रुजला आणि त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

मराठीत हातातल्या टॉर्चलाच आपण बॅटरी म्हणत आलो आणि तिच्यात घालायच्या वस्तूला सेल. ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोचला तो या सेलांच्या जिवावर. एव्हरेडी, निप्पो, नोव्हिनो ही नावे घराघरांत ठाऊक होती. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता जीव त्यांच्यात आणायचा, हा उद्योग अनेकांनी केला असेल. त्यात शास्त्रही होते. उन्हाच्या उबेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते. या सेलमध्ये जस्ताचे भांडेच झिजून वीज देते. हलक्या प्रतीच्या सेलमध्ये ते लवकर झिजायचे, आतला चिकट द्राव बाहेर यायचा आणि रेडिओची स्प्रिंग गंजून जायची. नुकसान होते, पण ते रेडिओपुरते. स्वस्त सेलने घर पेटेल अशी धास्ती कोणाला नव्हती.

ती धास्ती लिथियमबरोबर आली. वजनाला हलकी आणि ताकदीला भारी अशी ही बॅटरी करण्याचे प्रयत्न १९७०च्या दशकापासून चालू होते. मोली एनर्जी या कॅनडातील कंपनीने लिथियम धातूची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बाजारात आणली. जपानमध्ये तिच्यामुळे मोबाईल फोनला आग लागली आणि १९८९मध्ये कंपनीला माल परत घ्यावा लागला. पुढे सोनीने १९९१मध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली. तिच्यात शुद्ध लिथियम धातू नसतो, म्हणून ती पुष्कळ सुरक्षित. या बॅटरीची पायाभरणी करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सुरक्षित असली, तरी तिचा स्वभाव तापटच. आतला द्राव ज्वलनशील. दोन टोकांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. तो फाटला, की आतल्या आत शॉर्ट सर्किट. साधारणपणे ४.२ व्होल्टच्या वर ती चार्ज होता कामा नये आणि ठरावीक मर्यादेखाली उतरताही कामा नये. म्हणून बॅटरीच्या डोक्यावर नखाएवढी एक सर्किटची पट्टी बसवतात. मर्यादा ओलांडली, की ती प्रवाह तोडते. ही पट्टी ग्राहकाला दिसत नाही. ती काढून टाकली तरी फोन चालू होतो, चार्ज होतो, गाणीही वाजतात. स्वस्त माल बनवणाऱ्याला यापेक्षा सोयीची काटकसर कोणती?

आपल्याकडे मोबाईल १९९५मध्ये आला, पण तो सामान्यांच्या खिशात गेला २००३नंतर, म्हणजे येणाऱ्या कॉलचे पैसे पडेनासे झाले तेव्हा. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा टॉर्चवाला फोन आला. त्यातली बॅटरी होती बीएल-५सी. नोकियाच्या इतर अनेक फोनांनाही तीच चालत असे. एकच बॅटरी कोट्यवधी फोनांत बसते म्हटल्यावर नकलेचा धंदा फोफावणारच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीपर्यंत ती मिळू लागली. नोकियाने वेष्टणावर होलोग्राम लावला. तो एका कोनातून पाहिला तर हातात हात दिसायचे आणि तिरका केला की बाजूंना ठिपके उमटायचे. लेबल खरवडले की वीस आकडी क्रमांक निघायचा. थोड्याच दिवसांत नकली बॅटरीवरही होलोग्राम चमकू लागला.

आणि मग आला १४ ऑगस्ट २००७. नोकियाने जगभर सूचना काढली, की जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात. तोवर जगभरातून अशा सुमारे शंभर तक्रारी आल्या होत्या, त्यांत कोणाला गंभीर इजा झालेली नव्हती. पण आपल्याकडे वृत्तवाहिन्यांवर दिवसभर ‘स्फोट’ हा शब्द फिरत राहिला. लोक बॅटऱ्या काढून क्रमांक वाचू लागले. २६ आकडी क्रमांक, अक्षरे मुंगीएवढी! चष्मा लावून नातवाला आकडे सांगणारे आजोबा त्या आठवड्यात बऱ्याच घरांत दिसले असतील. सेवा केंद्रांबाहेर गर्दी झाली. सदोष बॅटरीच्या बदल्यात नवी फुकट मिळत होती.

मला या इतिहासात हा आठवडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फसली होती ती खरी, कंपनीची, पूर्ण पैसे मोजून घेतलेली बॅटरी. ‘मग लोकल काय वाईट?’ असे त्या वेळी अनेक जण म्हणाले. पण बीएल-५सी बॅटऱ्या तोवर ३० कोटींहून अधिक निघाल्या होत्या, आणि त्या वेगवेगळ्या कारखान्यांतल्या होत्या. त्यातून एका कारखान्याच्या ठरावीक महिन्यांतल्या नेमक्या बॅटऱ्या वेगळ्या काढता आल्या, त्या केवळ त्या मुंगीएवढ्या आकड्यांमुळे. लोकल बॅटऱ्यांत शंभर ठिकाणी असा दोष निघाला असता, तर त्या कोणी कुठून परत बोलावल्या असत्या? कंपनीची बॅटरी बिघडत नाही असे नाही. बिघडली तर जाब द्यायला कोणी तरी उभे असते, आपण जादा पैसे मोजतो ते यासाठी. सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ फोनच्या वेळी २०१६मध्ये हेच पुन्हा दिसले. पहिल्या २५ लाख फोनांच्या बॅटऱ्यांत दोष, बदली म्हणून दिलेल्यांतही दुसराच दोष. शेवटी कंपनीने फोनच बंद केला आणि जानेवारी २०१७मध्ये दोन्ही दोष जाहीरपणे मांडले.

चार्जरची गोष्ट याहून गंभीर, कारण त्याचा एक हात घरच्या २३० व्होल्टच्या विजेत असतो आणि दुसरा आपल्या हातातल्या फोनला लागलेला. या दोन बाजूंमध्ये आत पुरेसे अंतर आणि पक्के इन्सुलेशन लागते. डबी लहान आणि स्वस्त करायची तर हे अंतरच पहिल्यांदा कमी होते. ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ या अमेरिकी तपासणी संस्थेने २०१६मध्ये निरनिराळ्या देशांतून मिळवलेले ॲपलचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यातले ३९७ नापास झाले. १२ चार्जरांची रचना तर अशी होती, की माणूस शॉक लागून दगावू शकेल. बाहेरून मात्र सगळे गोरेगोमटे.

तरी सगळा दोष ग्राहकाच्या चिकटपणावर टाकणे मला पटत नाही. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती. नोकियाचीच जाड पिन जाऊन बारीक पिन आली, तेव्हा घरातला चांगला चार्जर बाद झाला. अस्सल बॅटरीची किंमत लोकलच्या कितीतरी पट. हजार-बाराशेच्या फोनला तेवढी महाग बॅटरी घालणे शेतमजुराला परवडावे कसे? बाजाराने त्यावर तोड काढली ती चार तोंडांच्या केबलची आणि कुठलीही बॅटरी चिमटीत धरणाऱ्या क्लिपच्या चार्जरची. पिनांचा गोंधळ मिटायला फार वेळ लागला. युरोपात २००९मध्ये मोठ्या कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर सहमती दर्शवली आणि टाइप-सी तिथे नव्या फोनांना सक्तीची झाली ती २८ डिसेंबर २०२४पासून. मधल्या काळात, २०२०मध्ये ॲपलने फोनच्या खोक्यातून चार्जरच काढून टाकला, आणि पुढे इतर काही कंपन्यांनीही तो कित्ता गिरवला. कारण पर्यावरणाचे सांगितले गेले. ते खोटे नसेलही, पण त्यामुळे नवा चार्जर हवा असणारा ग्राहक पुन्हा त्याच काउंटरवर आला.

सरकारने मध्ये पडायला २०१२ उजाडले. त्या वर्षी काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची करणारा आदेश निघाला. सुरुवातीच्या यादीत लॅपटॉप आणि टॅब्लेट होते. २०१४मध्ये मोबाईल फोन, पॉवर बँक आणि रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या तिच्यात आल्या. म्हणून आज चार्जरवर किंवा बॅटरीवर मानक चिन्हाखाली ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला, की उत्पादकाचे नाव आणि पत्ता दिसतो. नाव बडे नसले तरी चालेल, पत्ता मात्र हवा. ‘कंपनीची’ आणि ‘लोकल’ यांच्या मधली ही तिसरी जात अजून दुकानात मागायची सवय आपल्याला लागलेली नाही.

बीएल-५सीचे पुढे काय झाले? नोकियाचे ते फोन गेले, पण बॅटरी एक माप होऊन राहिली. भजने वाजवणारे छोटे एफ.एम. स्पीकर आणि निरनिराळ्या नावांचे स्वस्त बटणांचे फोन आजही त्या मापाच्या बॅटरीवर चालतात. अशी बॅटरी घेताना अंगावरच्या एमएएचच्या आकड्याला भुलू नये. नोकियाच्या अस्सल बीएल-५सीवर साधारण हजाराच्या आसपासचा आकडा असे. पॉवर बँकांतल्या नळकांडी सेलचेही तेच. चांगल्यात चांगला सेल चार हजारांच्या आतबाहेर असतो. त्याच आकाराच्या सेलवर ९९०० छापलेले दिसले, तर ते शाईचे कर्तृत्व समजावे.

ऑगस्ट २०२२मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम केले. वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर आली. पण जिच्यावर खोटे नाव आहे, तिचा उत्पादक शोधायचा कुठे? ती फुगते आणि कपाटाच्या खणात पडून राहते. अशी फुगलेली बॅटरी दाबून पाहू नका, टाचणीने टोचू नका, ‘एकदा चार्ज होते का बघू’ म्हणून लावू नका आणि घंटागाडीत टाकू नका. दाबणाऱ्या गाडीत ती पेट घेऊ शकते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.