शब्दवेध : सवत्दी

पाठीवर पिशवी टाकून सायखेड्याच्या गोदाकाठावरून थायलंडला गेलेल्या पोराच्या कानावर बँकॉकमध्ये पहिला शब्द पडेल तो ‘सवत्दी’. हात जोडलेले, मान किंचित लवलेली. हा शब्द परका नाही, तो आपला ‘स्वस्ति’च आहे. सु अधिक अस्ति, म्हणजे बरे असो. आपली जुनी पत्रे ‘स्वस्ति श्री’ने सुरू होत, पुण्याहवाचनात तो आजही ऐकू येतो. थाई लिपीत त्यातला ‘स’ शाबूत आहे, पण थाई उच्चारात अक्षराच्या शेवटी ‘स’ टिकत नाही, त्याचा ‘त’ होतो.

अभिवादन म्हणून मात्र तो अलीकडचा. १९३०च्या दशकात चुलालाँगकॉर्न विद्यापीठात फ्रया उपकित सिल्पसान या भाषापंडिताने तो रुजवला आणि १९४३ मध्ये सरकारने स्वीकारला. वर्गातला शब्द अख्ख्या देशाच्या तोंडी बसावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

तिकडे गेलात तर ‘हॅलो’ म्हणू नका. हात जोडून ‘सवत्दी’ म्हणा. पुरुषांनी पुढे ‘ख्रप’ जोडावे, बायकांनी ‘खा’.