पत्र कोठून निघाले?

नरसी नामदेव या आमच्या गावाहून वाशीम पन्नास-साठ किलोमीटरवर आहे आणि हैदराबाद तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे. तरीही शंभर वर्षांपूर्वी, टपालाच्या हिशेबाने, आम्हाला हैदराबाद जवळ आणि वाशीम लांब होते. निजाम सरकारचे तिकीट लावलेले पत्र हैदराबादेस बिनबोभाट पोचे. वाशीमला त्याच तिकिटाची किंमत शून्य. कारण वाशीम वऱ्हाडात, आणि १८५३ च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेलेला. टपालही त्यांचेच.

या जुन्या गोष्टीकडे मी वळलो तो एका न पोचलेल्या ई-मेलमुळे. एका निवृत्त शिक्षकांनी फोनवर सांगितले होते, की आजोबांच्या वेळची पाकिटे त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. ‘काय पाहायचे ते लिहून पाठवा,’ म्हणाले. मी सविस्तर ई-मेल केली. उत्तर आले नाही. त्यांची इच्छा नसावी असे समजून मीही गप्प बसलो. आठ-नऊ महिन्यांनी त्या बाजूला गेलो तेव्हा कळले, की घराची डागडुजी करताना पेटीतले कागद रद्दीत गेले. गुरुजी म्हणाले, ‘तुमचे पत्र आले असते तर ठेवले असते की हो!’ त्यांच्या मुलाने संगणक उघडला. माझी ई-मेल ‘स्पॅम’च्या कप्प्यात पडून होती, न उघडलेली.

पत्ता बरोबर होता, मजकूर सभ्य होता. मग चुकले कुठे? ओळखीच्या एका तरुणाने ई-मेलचा शीर्षभाग उलगडून दाखवला. पत्र ज्या ज्या सर्व्हरवरून जाते त्याची नोंद त्यात एकाखाली एक होत जाते. पाकिटावर वाटेतल्या कचेऱ्यांचे शिक्के उमटावेत तशी. माझ्या छोट्या संकेतस्थळाचा सर्व्हर परदेशात, स्वस्तातल्या सामायिक योजनेवर होता. त्याच आयपी पत्त्यावरून दुसरे कोणी जाहिरातींचा मारा करीत होते. पाप शेजाऱ्याचे, शिक्षा मला.

आता मागे जाऊ. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ पर्यंत टपालाचा दर अंतरावर ठरे. त्या वर्षी पाव तोळ्याला अर्धा आणा, मग पत्र कितीही लांब जावो, असा एकच दर झाला आणि अंतराचा प्रश्न मिटला. हद्दीचा मात्र उरला. हैदराबाद संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. ग्वाल्हेर, पतियाळा अशा काही संस्थानांनी पुढे इंग्रजांच्या टपालखात्याशी करार केले. त्यांची तिकिटे ब्रिटिश हिंदुस्थानातही चालत. हैदराबाद त्या करारात नव्हते. त्याचे तिकीट संस्थानच्या हद्दीपुरतेच. हद्दीबाहेर पत्र धाडायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट हवे. नाहीतर घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड. आणि घेणाऱ्याने नाकारले, की पत्र परत.

इंग्रजी टपाल संस्थानात मुळीच नव्हते असेही नाही. छावण्या आणि रेल्वे स्थानकांच्या आश्रयाने त्याच्या कचेऱ्या होत्या. आमच्या हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. म्हणजे एकाच मुलखात दोन टपाले. पत्राचे भवितव्य ते किती लांब जाते यापेक्षा कोणत्या पेटीत पडते यावर ठरे. ही दुहेरी व्यवस्था १९५० मध्ये, संस्थानचे टपाल भारतीय टपालखात्यात विलीन झाल्यावर संपली.

ई-मेलचा इतिहास उलट्या दिशेने गेला. ती आधी बिनहद्दीची होती. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी तिच्या दळणवळणाचे नियम लिहून प्रसिद्ध केले, तेव्हा कोणताही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे नेई. वारीत अनोळखी माणसाचे गाठोडे कोणी उचलून घ्यावे तसे. अंतर तर नगण्यच. फ्रँकफर्टहून आलेले पत्र मुंबईच्या पत्रापेक्षा सेकंदाच्या काही अंशाने मागे राहील, एवढेच. पण या भाबडेपणाचा फायदा जाहिरातवाल्यांनी घेतला. १९७८ मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी न मागितलेली जाहिरात पाठवली होती. नव्वदच्या दशकात त्याचा पूर आला आणि हद्दी आखल्या जाऊ लागल्या. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी बदनाम आयपी पत्त्यांची यादी चालवायला घेतली. १९९८ मध्ये लंडनमध्ये ‘स्पॅमहाउस’ सुरू झाले.

आज घेणारा सर्व्हर मजकुराआधी दाराशी आलेल्याचा आयपी पत्ता पाहतो. तो काळ्या यादीत आहे का? त्याच्या नावाची उलट नोंद जुळते का? घरगुती इंटरनेट जोडणीचा तर नाही ना? काही व्यवस्थापक एखाद्या देशातून येणारी सगळीच पत्रे अडवतात. मात्र सर्व्हर नकाशावर कुठे आहे यापेक्षा तो कोणाच्या वस्तीत आहे, याला बहुधा जास्त वजन असते.

नुसत्या वस्तीवरून माणूस ओळखणे अन्यायाचे, हे पुढे लक्षात आले. मग सही आली. आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे जाहीर करणारी ‘एसपीएफ’, पत्रावर गणिती मोहोर उमटवणारी ‘डीकेआयएम’, आणि या दोन्ही तपासण्यांत नाव जुळले नाही तर काय करावे हे सांगणारी ‘डीमार्क’. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या.

नामदेवांच्या गावात राहणाऱ्याला सहीचा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. पण सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांची मुद्राही ‘नामा’च, आणि कोणती रचना कोणाची हे वेगळे करताना अभ्यासकांची दमछाक झाली आहे. नुसती सही पुरत नाही. रचना कोणत्या बाडात, कोणत्या परंपरेतून आली हेही पाहावे लागते. नामदेवांची ६१ पदे १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात आहेत. तिथे त्यांना मिळालेली जागा हीच त्यांच्या वाटचालीची नोंद.

तीनही ठिकाणी घेणारा विचारतो एकच: हे कोठून आले आणि याची हमी कोण देतो? प्रश्न रास्त आहे. पण त्याचा निवाडा हद्दीवर किंवा वस्तीवर सोपवला, की निरपराध पत्रेही अडकतात. वाशीमच्या पत्रासाठी खेड्यातल्या माणसाला परके तिकीट शोधावे लागे. आज छोट्या गावातून, छोट्या सर्व्हरवरून लिहिणाऱ्याला मोठ्या कंपनीच्या छत्राखाली जावे लागते. मीही शेवटी गेलो. तिन्ही नोंदी करून घेतल्या, सर्व्हर बदलला. आता पत्रे पोचतात. तरीही पाठवल्यावर मी फोन करतो.

ती पेटी मात्र गेली. तिच्यात दोन्ही सरकारांची तिकिटे शेजारी शेजारी असलेले एखादे पाकीट होते की नाही, हे आता कळणार नाही. म्हणून एक विनंती. घरात जुनी पाकिटे असतील तर तिकिटे भिजवून सोडवू नका. सुट्या तिकिटाला संग्राहकाकडे किंमत येईल, पण पत्र कोठून निघाले, कोणत्या हद्दीवर थांबले आणि कोणी किती भरले, हे सांगतात पाकिटावरचे शिक्के. पाकीट अख्खे ठेवा, आणि कोणी अनोळखी माणसाने त्याविषयी लिहिले आहे का, हे एकदा स्पॅमच्या कप्प्यातही पाहा.